एन्झाइमशिवाय म्हणजे सुईशिवाय नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात शुगर मोजणाऱ्या नव्या पॉलिमर सेन्सरची बातमी होती. हेडिंगमध्ये 'टोचण्यापासून सुटका' आणि आत मजकुरात 'एन्झाइमविरहित सेन्सर' असं लिहिलं होतं. माझ्या बाबांनी ती बातमी कापून आपल्या शुगरच्या वहीत चिकटवली आणि दोन दिवसांनी संध्याकाळी मला विचारलं, काय गं, आता बोट टोचायचं बंद होणार ना? चौदा वर्षं झाली त्यांना डायबेटीस होऊन. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हीच्या कडेची कातडी इतकी निबर झालीये की पहिल्या टोचण्यात रक्त येतच नाही, दाबून दाबून थेंब काढावा लागतो आणि फार दाबलं की रक्तात आजूबाजूचं पाणी उतरतं, रीडिंग चुकायची भीती, मग पुन्हा दुसरं बोट. त्या माणसाला 'नाही बाबा, त्या बातमीचा अर्थ तसा नाहीये' हे सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत, वही मिटून ठेवली. त्या रात्रीच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. पत्र लांबलंय, पण विषयच असा आहे की दोन ओळीत उरकत नाही.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी केमिस्ट्रीवाली आहे आणि चार वर्षं एका लॅबमध्ये हेच काम केलंय, ग्लुकोज (रक्तातली साखर) पकडतील अशा पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या, फिल्म आणि जेल बनवायचे आणि ते खरंच पकडतात का हे बघायचं. त्यामुळे या विषयाबद्दल मला माया आहे, विरोध तर अजिबात नाहीये. उलट हे काम फार मोलाचं आहे म्हणूनच त्याची बातमी चुकीची गेली की जीवाला लागतं.

मुख्य गोंधळ असा आहे की 'एन्झाइमशिवाय' आणि 'टोचल्याशिवाय' या दोन गोष्टी एकच धरल्या गेल्यात. त्या एक नाहीत, एकमेकींशी त्यांचा तसा संबंधच नाही! एन्झाइमशिवाय म्हणजे सेन्सरच्या आत ग्लुकोजला ओळखणारा जो पदार्थ आहे तो एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन, नसून दुसरं काहीतरी आहे, पॉलिमर असेल, धातूचा ऑक्साइड असेल, दोन्ही मिळून असेल. टोचल्याशिवाय म्हणजे शरीराच्या आत न जाता मोजणं. एन्झाइम काढून टाकलं तरी मोजायला ग्लुकोज लागणारच, आणि ग्लुकोज रक्तात आहे किंवा कातडीखालच्या द्रवात आहे, तिथपर्यंत पोचायला सुई नाहीतर छोटी चीर लागणारच. घाम आणि अश्रू यांच्यात ग्लुकोज असतं, पण रक्ताच्या मानाने फारच कमी असतं आणि रक्तातल्या आकड्याशी त्याचा मेळ नीट बसत नाही. २०१४ साली गुगलने अश्रूतली शुगर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली होती, ते काम २०१८ मध्ये थांबवलं गेलं आणि कारण हेच सांगितलं होतं की अश्रूतलं ग्लुकोज आणि रक्तातलं ग्लुकोज यांचा भरवशाचा संबंध लागत नाही. आणि सुई न लावता शुगर दाखवतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या, त्यांच्याबद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सरळ इशारा दिला की असं स्वतःहून शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, यांच्या आकड्यावर इन्सुलिन घेऊ नका. म्हणजे चुकीच्या आकड्यावर माणूस जास्तीचं इन्सुलिन घेऊन बेशुद्ध पडू शकतो, इतका हा विषय गंभीर आहे. आता तुमच्या हेडिंगकडे पुन्हा एकदा बघा.

बरं, मग एन्झाइम काढायचंच कशाला, हा प्रश्न बाबांनी मला विचारला आणि तो अगदी बरोबर प्रश्न आहे.

ग्लुकोमीटरच्या बऱ्याच स्ट्रिप्समध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून काढतात. थेंब स्ट्रिपच्या टोकाला लावला की तो आपोआप आत खेचला जातो, तिथे वाळवून बसवलेलं एन्झाइम ओलं होतं, ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेतं, ते इलेक्ट्रॉन मधल्या एका रसायनामार्फत इलेक्ट्रोडवर जातात आणि मशीन तो करंट मोजून आकडा दाखवतं. पाच सेकंदांचा मामला. ही कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली, १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी एन्झाइम पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलमध्ये अडकवून इलेक्ट्रोडवर बसवलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पॉलिमर तेव्हापासूनच या धंद्यात आहे! आज दंडावर लावतात त्या सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरमध्येसुद्धा एन्झाइमवर पॉलिमरचा पडदा असतो, नाहीतर ग्लुकोजचा लोंढा एकदम आत येईल आणि एन्झाइमला ऑक्सिजन पुरणार नाही. म्हणजे 'पॉलिमर सेन्सर' म्हटलं की तो एन्झाइमशिवायचाच असेल असंही नाही. तुमच्या बातमीत हेही सरमिसळ झालंय.

तर एन्झाइमची अडचण ही की ते प्रोटीन आहे. प्रोटीन घडीत असतं, ती घडी मोडली की संपलं. ४० अंशाच्या वर ते हळूहळू मरायला लागतं, फार आम्ल किंवा फार अल्कली चालत नाही, दमटपणा चालत नाही. म्हणून स्ट्रिपच्या डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो आणि डबीवर झाकण लगेच लावा असं लिहिलेलं असतं. बाबांकडून एकदा झाकण उघडं राहिलं होतं, किती दिवस कोणाला माहीत, रीडिंग रोज थोडं थोडं विचित्र यायला लागलं आणि आम्ही जेवणाला दोष देत बसलो. शेवटी नवीन डबी उघडून त्याच थेंबाची दोन्हीवर टेस्ट केली तेव्हा कळलं. आणि दंडावरचे एन्झाइमवाले सेन्सर साधारण १० ते १५ दिवसांत बदलावे लागतात, त्यामागे एन्झाइमचं झिजणं हे एक कारण आहेच, शरीर कातडीखालच्या त्याच्या बारीक तारेभोवती जो पडदा तयार करतं आणि चिकटपट्टी सुटते हीदेखील कारणं आहेत.

शिवाय सगळी एन्झाइम्स सारखीच नेमकी नसतात. काही स्ट्रिप्समध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी पीक्यूक्यू नावाचा मदतनीस रेणू असलेलं ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम वापरायचे, ते माल्टोज या वेगळ्या साखरेलाही ग्लुकोज समजायचं. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काही पेशंटना आयकोडेक्स्ट्रिन नावाचं द्रावण देतात, ते शरीरात फुटून माल्टोज तयार होतं, स्ट्रिप शुगर भरपूर दाखवते, प्रत्यक्षात ती कमी असते, आणि इन्सुलिन दिलं जातं. २००९ साली एफडीएने यावर इशारा काढला तेव्हा १९९७ पासूनचे असे १३ मृत्यू त्यांच्याकडे नोंदलेले होते. म्हणून 'हा सेन्सर ग्लुकोजच मोजतो, दुसरं काही नाही' हे वाक्य माझ्यासारखीला नुसतं वाचून पटत नाही, ते दाखवावं लागतं.

आता पॉलिमरकडे येते, कारण बातमीत त्याबद्दल फक्त 'विशेष पॉलिमर' एवढंच होतं आणि खरी गंमत तिथेच आहे.

ग्लुकोज पकडणं अवघड का? कारण त्याच्या अंगावर चारी बाजूंनी ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जी पाण्यातही असते) आहेत, म्हणजे ते दिसायला पाण्यासारखंच आहे, आणि ते पाण्यातच बसलेलं आहे. एक लिटर पाण्यात पाण्याचे साधारण ५५ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग) असतात आणि निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोज असतं ५ मिलिमोलच्या आसपास. भागाकार करून बघा, एका ग्लुकोजच्या रेणूमागे पाण्याचे जवळजवळ ११ हजार रेणू. त्या गर्दीतून पाण्याच्याच कपड्यातला एक जण ओळखायचा! वर ग्लुकोजचे भाऊबंद आहेत, गॅलॅक्टोज आणि मॅनोज, त्यांच्यात आणि ग्लुकोजमध्ये फरक फक्त एका ओएचच्या दिशेचा. एन्झाइमला हे जमतं कारण त्याच्या आत ग्लुकोजच्या मापाचा खळगा आहे. आपण तसा खळगा कारखान्यात बनवणार कसा?

त्यावर सगळ्यात चांगलं उत्तर आजपर्यंत बोरॉनने दिलंय. फेनिलबोरॉनिक ॲसिड नावाचा एक गट आहे, तो शेजारी शेजारी असलेल्या दोन ओएचना धरून ठेवतो, हात धरल्यासारखा, आणि परत सोडूही शकतो, म्हणजे शुगर वाढली की पकड वाढते, कमी झाली की सुटते, सतत मोजायला हेच लागतं. हा गट पॉलिमरच्या साखळीला जोडला, त्याचं पाण्याने भरलेलं जेल केलं, की ग्लुकोज आत आल्यावर बोरॉनवर ऋणभार तयार होतो, त्यामागे आयन येतात, आयनांमागे पाणी येतं आणि जेल फुगतं. मी ५ मिलिमीटरच्या चकत्या कापायचे, काचेच्या बशीत बफर, म्हणजे पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे मधोमध) स्थिर ठेवणारं द्रावण, ओतून खाली ग्राफ पेपर ठेवायचे. पहिल्या दिवशी पीएच ९ च्या बफरमध्ये ग्लुकोज टाकलं आणि तासाभराने बघते तर चकतीची कड पुढच्या रेघेच्या पलीकडे गेलेली. डोळ्याने दिसत होतं, कुठलं मशीन लागलं नाही. मी त्या बशीचे इतके फोटो काढले होते! एका साध्या पारदर्शक चकतीला साखर 'कळली' होती.

दुसऱ्या दिवशी बफर बदलला, पीएच ७.४ घेतला, म्हणजे रक्ताचा. चकती जवळपास जागची हललीच नाही. कारण साध्या फेनिलबोरॉनिक ॲसिडला ग्लुकोज नीट धरायला पीएच ९ च्या जवळपासचा लागतो, रक्ताच्या पीएचला पकड फार ढिली पडते. आणि तिसऱ्या दिवशी फ्रुक्टोज (फळांतली साखर) टाकलं तर ती टम्म फुगली, कारण हा गट ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजला कितीतरी पट घट्ट धरतो. रक्तात फ्रुक्टोज अगदी थोडं असतं म्हणून ते निभावून जातं, पण नेमकेपणा आपोआप येत नाही हे मला त्या बशीने शिकवलं. नंतर लोकांनी त्यावर उपाय काढले, बोरॉनच्या शेजारी अमाइन किंवा इलेक्ट्रॉन ओढणारे गट बसवून पकड रक्ताच्या पीएचला आणली, आणि एकाऐवजी दोन बोरॉनिक गट बरोबर अंतरावर बसवले म्हणजे ग्लुकोजला दोन ठिकाणी एकदम धरता येतं, जे फ्रुक्टोजच्या बाबतीत तितकं साधत नाही. जपानमध्ये सेइजी शिंकाई आणि टोनी जेम्स यांनी १९९० च्या दशकात हे काम केलं, त्यांच्या रेणूत ग्लुकोज बसलं की त्या रेणूतून निघणारा प्रकाश वाढतो. तो धागा पुढे कुठे पोचला ते खाली लिहिलंय, ते जरूर वाचा.

साचा पाडायची पद्धत पण आहे, म्हणजे ग्लुकोज किंवा तसा रेणू मध्ये ठेवून भोवती पॉलिमर घट्ट करायचा आणि मग तो रेणू धुऊन काढायचा, मागे त्याच्या मापाची पोकळी राहते. जर्मनीचे गुंटर वुल्फ यांनी १९७२ पासून याचा पाया घातला. कल्पना सुरेख आहे पण पाण्यात ग्लुकोजसाठी तो साचा अजून ढिलाच पडतो, एवढंच म्हणते.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. एन्झाइमशिवायचे ग्लुकोज सेन्सर म्हणून जे शोधनिबंध निघतात त्यातले ढिगाने निबंध बोरॉनचे नसतातच, ते निकेल, तांबं, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचे असतात आणि पॉलिपायरोल किंवा पॉलिॲनिलिनसारखा वीज वाहणारा पॉलिमर त्या कणांना धरून ठेवायला आणि करंट पोचवायला वापरतात. वीज वाहणारे पॉलिमर ही काही लहान गोष्ट नाही, २००० चं केमिस्ट्रीचं नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्याच शोधाबद्दल मिळालं. मी पण निकेल आणि पॉलिपायरोलची फिल्म केली होती. इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून ठेवायचा, ठराविक व्होल्टेज द्यायचं आणि दर मिनिटाला ग्लुकोजचा एक थेंब सोडायचा, की स्क्रीनवर करंट पायरी चढतो, थोडा सपाट, पुन्हा पायरी, असा सुंदर जिना तयार होतो. तो जिना दिसला की लॅबमध्ये सगळे खुर्च्या सोडून बघायला येतात. पण द्रावण कुठलं होतं? ०.१ मोलर कॉस्टिक सोडा. पीएच १३! निकेलच्या ऑक्साइडला ग्लुकोज जाळायला, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायला, तसंच पाणी लागतं, कारण काम करणारी निकेलची जी अवस्था आहे ती हायड्रॉक्साइडच्या जोरावर तयार होते. मी तीच फिल्म त्याच दुपारी पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये बुडवली, थेंबामागून थेंब सोडले, रेघ सरळ. एक पायरी नाही.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. तो पीएच १३ होत नाही, माणूस जिवंत असेपर्यंत तर नाहीच. रक्ताचा थेंब काढून तो कॉस्टिकमध्ये मिसळून मोजता येईल, लॅबमधल्या मशीनला ते चालेल, पण मग 'शरीरात बसवून सतत मोजणारा सेन्सर' हे वाक्य त्या निबंधाच्या शेवटी येतं कसं? आणि पॉलिॲनिलिनची गोष्ट नेमकी उलटी, त्याला वीज वाहायला आम्ल लागतं, पीएच ४ च्या वर गेलं की साधं पॉलिॲनिलिन थंड पडायला लागतं. एकाला अल्कली हवी, एकाला आम्ल हवं आणि रक्त मधोमध बसलंय. पॉलिपायरोल आणि पेडॉट नावाचा दुसरा वीज वाहणारा पॉलिमर त्या मानाने मधल्या पीएचला तग धरतात, म्हणून आता त्यांच्यावर जास्त काम होतं. प्लॅटिनम आणि सोनं मधल्या पीएचला ग्लुकोज जाळतात, पण रक्तातलं क्लोराइड त्यांच्या पृष्ठभागावर बसून काम बिघडवतं. सोपं काहीच नाहीये.

त्यात रक्तात ग्लुकोज एकटं नसतं. व्हिटॅमिन सी, युरिक ॲसिड आणि गोळी घेतली असेल तर पॅरासिटामॉल, ही तिन्ही इलेक्ट्रोडवर सहज जळतात आणि त्यांचाही करंट शुगरमध्ये मोजला जातो. त्यावर पॉलिमरचाच उपाय आहे, नॅफिऑन नावाच्या पॉलिमरचा पातळ थर दिला की त्याच्यावरच्या ऋणभारामुळे व्हिटॅमिन सी आणि युरिक ॲसिड, जे रक्तात स्वतः ऋणभारित असतात, ते बाहेरच ढकलले जातात. पण पॅरासिटामॉलवर भार नसतो, ते आरामात आत येतं. म्हणजे अंगात ताप असताना गोळी घेतलेल्या माणसाची शुगर तो सेन्सर जास्त दाखवू शकतो, आणि तापात तर शुगरवर जास्तच लक्ष ठेवायचं असतं. आणि सगळ्यात शेवटी प्रोटीन्स, सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लिटरला ६० ते ८० ग्रॅम. माझी सगळ्यात चांगली फिल्म मी एकदा रात्रभर सिरममध्ये ठेवली, सकाळी काढली तर तिच्यावर दुधावरच्या सायीसारखा थर, आणि सिग्नल निम्म्याच्याही खाली. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही वहीत, फक्त तारीख टाकली.

आणखी एक, तुमच्या बातमीत 'मायक्रोमोल इतकी सूक्ष्म शुगरही पकडतो' असं कौतुकाने लिहिलं होतं. रक्तात शुगर मायक्रोमोलमध्ये नसतेच हो. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ज्याच्या खाली शुगर गेली की घाबरायचं, ती म्हणजे ३.९ मिलिमोल, म्हणजे ३९०० मायक्रोमोल. पेशंटला हे कळून उपयोग नाही की सेन्सर किती थोडी साखर ओळखतो, त्याला हे हवंय की ६५ आणि ८५ मधला फरक तो पहाटे तीन वाजता बरोबर सांगेल का. घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे स्टँडर्ड आहे, २०१३ च्या आवृत्तीत असं आहे की १०० पैकी निदान ९५ रीडिंग लॅबच्या आकड्यापासून १०० च्या खाली असताना १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० किंवा वर असताना १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजेत. बाबांच्या साध्या स्ट्रिपला ही परीक्षा द्यावी लागते. मग नवीन सेन्सरच्या बातमीत त्याने ही परीक्षा दिली का एवढं तरी विचारायला नको का?

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हिला पॉलिमरवर विश्वासच नाही. तसं नाहीये, कारण खरी बातमी आधीच घडून गेलीये आणि ती फारशी कोणी छापली नाही! एव्हरसेन्स नावाचा सेन्सर आहे, जून २०१८ मध्ये अमेरिकेत एफडीएने त्याला ९० दिवसांसाठी मंजुरी दिली, युरोपात तो २०१६ मध्येच आला होता. त्यात ग्लुकोज ओळखायला एन्झाइम नाही. वर जो शिंकाई-जेम्स यांचा धागा सांगितला त्याच जातीचा बोरॉनिक रेणू एका हायड्रोजेलमध्ये गुंफलेला आहे, त्याने ग्लुकोज धरलं की तो जास्त चमकतो आणि आतला छोटा एलईडी आणि सेन्सर ती चमक मोजतात. गोळीएवढी ती कॅप्सूल डॉक्टर दंडाच्या कातडीखाली छोटी चीर देऊन बसवतात. ९० दिवसांवरून २०२२ मध्ये १८० दिवस झाले आणि २०२४ मध्ये पूर्ण ३६५ दिवसांची मंजुरी मिळाली. एन्झाइमवाल्यांचे दोन आठवडे आणि या पॉलिमरचं एक वर्ष, हा फरक बघा. यालाच मी यश म्हणते.

पण ते यश कसं मिळालं तेही बघा. शरीरात बाहेरची वस्तू गेली की तिथल्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि पेरॉक्साइड बोरॉनचा तो गट कायमचा तोडून टाकतं. म्हणजे एन्झाइम काढलं म्हणून झीज थांबली असं नाही, झिजणारी गोष्ट बदलली. त्यांनी तिथे प्लॅटिनम वापरलं, ते पेरॉक्साइडला आधीच फोडून टाकतं, आणि सूज कमी राहावी म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाचं एक कडं बसवलं. आणि तरीसुद्धा सूचनांमध्ये लिहिलेलं आहे की टेट्रासायक्लिन जातीची अँटिबायोटिक्स चालू असताना किंवा शिरेतून मॅनिटॉल, सॉर्बिटॉल दिलं असताना रीडिंग चुकू शकतं, कारण टेट्रासायक्लिन स्वतः चमकतं आणि मॅनिटॉलचेही ओएच बोरॉनला आवडतात. ग्राफ पेपरवरच्या माझ्या चकतीला फ्रुक्टोज आवडलं होतं तेच हे. आणि सर्वात महत्त्वाचं, सुरुवातीच्या मंजुरीत पेशंटने रोज दोनदा बोट टोचून त्याचा आकडा रक्ताच्या आकड्याशी जुळवून (कॅलिब्रेट) घ्यायचा होता. एन्झाइमशिवाय, पॉलिमरचा, आणि तरी रोज दोनदा टोचायचं. याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

संपादक साहेब, माझं मागणं मोठं नाही. त्या बातमीतले संशोधक प्रामाणिक असतील, त्यांचं कामही चांगलं असेल, त्यांना कमी लेखायचं नाहीये. पण तुमच्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी फोनवर एकच प्रश्न विचारावा, हा सेन्सर तुम्ही कशात बुडवून तपासला? उत्तर 'कॉस्टिकमध्ये' आलं तर तसं छापा, 'बफरमध्ये' आलं तर तसं छापा, माणसाच्या रक्तात आणि किती दिवस हे सांगितलं तर ते पहिल्या पानावर छापा, मी स्वतः चार जणांना नेऊन दाखवीन. लॅबमधल्या माणसाला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही, उलट विचारणारा जाणकार आहे म्हणून तो दहा मिनिटं जास्त बोलतो, हे अनुभवाने सांगते.

आणि गेल्या आठवड्याच्या बातमीचा खुलासा मात्र लवकर द्या. कारण बाबांनी मला विचारलं म्हणून बरं, नाहीतर ते स्ट्रिप्स जपून वापरायला लागले होते, दिवसाला तीनऐवजी एकच, 'आता कशाला, येतंच आहे ना नवीन'. दोन दिवसांच्या रकान्यात दुपारच्या आणि रात्रीच्या जागा रिकाम्या होत्या. त्यांच्यासारखे अजून किती वाचक असतील आणि त्यांच्या घरात विचारायला कोणी नसेल तर काय, हे डोक्यातून जात नाही. खुलाशात फक्त एवढं यावं की हा सेन्सर सध्या लॅबमध्ये आहे, एन्झाइमशिवाय म्हणजे टोचल्याशिवाय नाही, आणि सध्या जी तपासणी चालू आहे ती कोणीही बंद किंवा कमी करू नये. चार ओळी पुरतील, पण बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर द्या, म्हणजे ज्यांनी ती वाचली त्यांच्या नजरेला पडेल. वहीत त्या कात्रणाच्या खाली चार बोटं जागा आहे, बाबा म्हणाले तिथे बसेल.

आपली नियमित वाचक